वन्संची बाग आणि रामोजीची सहल

सोलापूरच्या माणसाला हैदराबाद काही परकं वाटत नाही. आमच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू बोललं जातं, आणि गाडीत बसलं की गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी, मग वाडी, तांडूर, विकाराबाद अशी गावं मागं टाकत पाच-सहा तासांत माणूस तिथं. तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं निघालो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. चाललो होतो वन्संकडे. दाजी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि दिवसकार्य आटोपून परतल्यानंतर तिथं राहायला जायची ही आमची पहिलीच वेळ.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. वनस्थळीपुरममध्ये त्यांचं छोटंसं बैठं घर आहे, पुढं पंधरा-वीस फुटांचं अंगण. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. फोन केला की वन्सं म्हणायच्या, "बरं आहे गं, चाललंय." पण त्यांच्या शेजारणीनं यांना सांगितलं होतं, की अंगणात रान माजलंय, फाटकाची कडीसुद्धा वेलीत अडकते, आणि पावसाळ्यात पायरीवर साप निघाला होता. झाडांना हात लावू म्हटलं तर वन्सं ऐकत नाहीत. मग यांनी परस्पर बेत ठरवला. शनिवारी बाग साफ करायची, आणि रविवारी वन्संना घेऊन रामोजी फिल्म सिटी बघायची. तिकिटंही काढून टाकली. वन्संच्या घरापासून रामोजी पाऊण तासाच्या आत, पण इतकी वर्षं हैदराबादेत काढून त्या एकदाही गेलेल्या नव्हत्या. जवळचं असतं ते बघायचं राहूनच जातं बाई! मी तरी आमच्या किल्ल्यात पाहुणे आल्याशिवाय कधी जाते?

शनिवारी सकाळी चहा झाल्या झाल्या पदर खोचून उतरलो. डिसेंबरातली हैदराबादची सकाळ मोठी छान असते, अंगावर ऊन घेत काम करावं अशी. पहिला हात घातला तो गाजरगवताला. मैत्रिणींनो, हे गवत उघड्या हातानं कधीच उपटू नका. अंगावर खाज उठते आणि पुरळ येतं ते लवकर जात नाही. रबरी हातमोजे घालायचे, आदल्या दिवशी जमिनीवर पाणी मारून ठेवायचं, म्हणजे मुळासकट निघतं. पांढरी फुलं यायच्या आत काढलं तर बी पडत नाही. आम्हाला उशीर झाला होता, फुलं येऊन गेली होती. काठीनं आधी गवत आपटून घेतलं, साप-किरडू असेल तर निघून जावं म्हणून, आणि मगच खुरपं चालवलं.

रिकाम्या कुंड्यांत, फुटक्या बादलीत, एका जुन्या पातेल्यात पाणी साचून डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ते सगळं ओतून पालथं घातलं. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा किडा बसला होता. त्याला आधी पाण्याचा जोरदार फवारा मारला, आणि मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घालून ते पानांच्या खालच्या बाजूनं शिंपडलं. आठवड्यानं पुन्हा एकदा शिंपडायला वन्संना सांगून ठेवलं. पालापाचोळा जाळायचा नाही म्हणून एका जुन्या पिंपात पानांचा थर, वर मातीचा थर असं भरत गेलो, मधूनमधून आंबट ताक शिंपडलं. उन्हाळ्यापर्यंत त्याचं खत होईल.

वन्सं दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. नको म्हणत नव्हत्या, पण चांगलं चाललंय असंही म्हणत नव्हत्या. मी कंपाउंडच्या कडेच्या मोगऱ्याकडे वळले तशा उठून आल्या.

"त्याला कात्री लावायची नाही."

मोगऱ्याची पाच झुडपं. दाजींनी एकेक आणून लावलेली. वर्षभरात ती कंबरेच्या वर गेली होती, नुसत्या काड्या आणि पिवळी पानं. मी म्हटलं, "वन्सं, हेच तर दिवस आहेत छाटायचे. आत्ता छाटलं नाही तर उन्हाळ्यात फुलं यायची नाहीत."

"नाही आली तर नाही आली."

मी कात्री खाली ठेवली. पुढं काय बोलणार?

आणि त्यातच तो भंगारवाला आला. यांनी गंजलेल्या सळया, पत्रे, मोडकी खुर्ची असं काढून ठेवलंच होतं. ते सगळं त्याच्या गाडीवर चढलं, तीस रुपये हातात पडले, हे खुशीत आत आले. तासाभरानं वन्संनी विचारलं, "इथली झारी कुठं गेली?"

पत्र्याची झारी, बूड गळणारी, तोटी वाकडी. दाजी रोज सकाळी तिनंच पाणी घालायचे. नवी आणली तरी तीच वापरायचे. यांनी ती भंगारात दिली होती.

वन्सं काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हे पायात चप्पल न घालताच रस्त्यावर धावले. तिसऱ्या गल्लीत भंगारवाला सापडला. तीस रुपयांना दिलेल्या ढिगातली ती एक झारी त्यानं पन्नास रुपयांना परत दिली. एरवी पाच रुपयांसाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस, त्या दिवशी मुकाट्यानं पैसे देऊन आला. झारी पुसून नळाजवळ ठेवली. रात्री जेवताना कोणी कोणाशी धड बोललं नाही. ताटं उचलताना वन्सं म्हणाल्या, "उद्या तुम्ही दोघं जाऊन या. मी नाही येत."

मी रात्रभर तळमळत होते. वाटलं, आपण उगीच आलो. दुसऱ्याच्या दुःखात खुरपं घेऊन शिरायचा आपल्याला काय अधिकार?

सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातून खमंग वास आला म्हणून जाऊन बघते तो वन्सं आंघोळ करून, साडी नेसून धपाटे लाटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तिकिटाचे पैसे वाया जातील. माणशी हजाराच्या वर घेतात म्हणे. काय हे!"

तर अशी आमची रामोजीची सहल सुरू झाली.

विजयवाड्याच्या हमरस्त्यानं हयातनगरच्या पुढं गेलं की रामोजीचं फाटक लागतं. शहरातून मेट्रोनं एल. बी. नगरपर्यंत यावं आणि तिथून बस किंवा रिक्षा करावी. तिकिटाचे दर सणासुदीला आणि सुट्टीत बदलतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघावं. एक लक्षात ठेवा, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मग काय, फाटकाबाहेर उभ्या उभ्याच सोलापुरी शेंगाचटणी आणि वन्संचे धपाटे संपवले. तिकीट घरातून आतल्या भागापर्यंत त्यांच्याच बसनं जायचं, कारण मधलं अंतरच काही किलोमीटरांचं आहे.

आहेच तो पसारा तेवढा. 1996 साली रामोजी राव यांनी हे चित्रनगर उभं केलं. 1666 एकर जमीन, आणि जगातला सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंद. 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक त्यांचंच, 1974 सालचं. आणि आपल्या ओळखीचं म्हणजे प्रिया लोणची, तीही त्यांचीच! 2016 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि जून 2024 मध्ये ते वारले. मराठी घरांशी या जागेचा आणखी एक धागा आहे. 2000 साली 'ई टीव्ही मराठी' वाहिनी सुरू झाली, तिच्या बातम्यांचं काम इथूनच चालायचं. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली त्यासाठी हैदराबादला येऊन खोल्या घेऊन राहिली होती. त्यातली दोघं आमच्या वन्संकडे रात्री जेवायला असत. बस वळणं घेत होती तशी वन्सं म्हणाल्या, "ती पोरं इथं यायची बघ रोज. एकाला भेंडी चालायची नाही. हे त्याला म्हणायचे, बातम्या वाचणाऱ्यानं सगळं खावं."

वर्षभरात दाजींचं नाव निघालं की त्या गप्प होत. आज आपणहून बोलल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आत लाल रंगाच्या उघड्या बसमधून फिरवतात. सोबतचा मुलगा हिंदीत माहिती सांगत असतो. विमानतळ आहे, रेल्वे स्टेशन आहे, इस्पितळ, तुरुंग, परदेशातला वाटावा असा रस्ता. एकाच इमारतीची पुढची बाजू एक आणि मागची दुसरीच! पुढून कोर्ट तर मागून कॉलेज, पाटी बदलली की झालं. स्टेशनचं नाव हवं ते लिहायचं. 2013 सालच्या 'चेन्नई एक्स्प्रेस'चं पुष्कळ चित्रण इथंच झालं. 'बाहुबली'च्या दोन्ही भागांचे, म्हणजे 2015 आणि 2017 सालच्या, राजवाड्यांचे भाग अजून ठेवले आहेत. लांबून दगडी वाटणारे खांब जवळ जाऊन टिचकी मारली की पोकळ वाजतात. यांनी दोन-चार खांबांवर टिचक्या मारून बघितल्याच.

एका देवळापाशी बस हळू झाली. आत देव नाही, कथेत जो लागेल त्याची मूर्ती बसवतात असं तो मुलगा म्हणाला. सगळे हसले. वन्संनी मात्र हात जोडले. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "सवय गं."

दुपारी आम्ही त्यांच्या एका खेळाला जाऊन बसलो. सिनेमा कसा करतात ते तिथं प्रेक्षकांनाच घेऊन दाखवतात. 'शोले'मधला बसंतीच्या टांग्याचा प्रसंग घेतात. (खरा 'शोले' 1975 चा, आणि त्याचं चित्रण झालं कर्नाटकात, रामनगरजवळ. टांग्याच्या दौडीत हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण या बाईंनी जिवावरची कामं केली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.) रंगमंचावर नुसताच टांगा, घोडा नाही. बसंती व्हायला कोण येणार, असं निवेदकानं विचारलं. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी एकमेकींना ढकलत होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी शेजारी बसलेल्या वन्संचा हात धरून वर केला.

"अगं! काय करतेस?" त्या पुटपुटल्या. पण निवेदकानं बघितलं होतं. "आंटीजी, आइए!" सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. वन्संनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मी जन्मात विसरणार नाही. आता परत भांडण, असं मला वाटलं. पण त्या उठल्या. साठीला आलेली बाई, गुडघा धरत धरत पायऱ्या चढून वर गेली.

तिथल्या मुलीनं त्यांच्या साडीवरूनच एक लालभडक चमचमती ओढणी पुढं केली. वर्षभर वन्संनी फिक्या साड्यांशिवाय अंगाला काही लावलं नव्हतं. लेकीनं किती सांगून बघितलं, तरी. त्या ओढणीकडे बघत राहिल्या, क्षणभर मला वाटलं की उतरून येतात. मग स्वतःच हात पुढं करून त्यांनी ती घेतली आणि डोक्यावरून घेऊन खांद्याशी घट्ट खोचली, कामाला लागताना पदर खोचावा तशी.

टांग्याला मागून दोन माणसं गदागदा हलवत होती. वन्संच्या हातात लगाम आणि चाबूक. कॅमेरा सुरू झाला. निवेदक म्हणाला, डाकू मागं लागलेत, ओरडा! वन्संनी चाबूक फिरवला आणि शुद्ध मराठीत ओरडल्या, "हो बाजूला मेल्या, दिसत नाही का?"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मराठी न कळणारेसुद्धा हसत होते.

मग आवाजाचा भाग दाखवला. टापांचे, चाकांचे, चाबकाचे आवाज प्रेक्षकांतून बोलावलेल्या चार-पाच जणांनी हातातल्या वस्तूंवर काढले. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या आपटणं, ही सिनेमावाल्यांची जुनी युक्ती तुम्ही ऐकली असेलच. शेवटी हे सगळं जोडून पडद्यावर दाखवलं, आणि काय सांगू! मागं रस्ता धावतोय, धूळ उडतेय, टापांचा खडखडाट, आणि मधे आमच्या वन्सं, केस सुटलेले, डोळे वटारलेले, लाल ओढणी उडतेय. मी टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागले. यांनी मोबाईल उंच धरला होता, पण बटण दाबायचं राहिलं. सबंध प्रसंगातला एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. या गोष्टीवरून मी त्यांना अजून बोलते.

वन्सं जागेवर येऊन बसल्या. बराच वेळ दम खात होत्या. मग म्हणाल्या, "खांदा दुखायला लागला. आणि केस बघ काय झालेत. हे असते तर म्हणाले असते, रिक्षात बसायला घाबरणारी ही बाई!" आणि हसल्या. डोळ्यांना पदर लावला, पण हसल्या.

संध्याकाळपर्यंत मग बागा बघितल्या. मुघल पद्धतीची, जपानी पद्धतीची, बुटक्या झाडांची, फुलपाखरांचीही. बागा खरोखर देखण्या आहेत. पण मला जपानी बागेपेक्षा आवडल्या त्या वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून खुरपणाऱ्या बायका. वन्सं त्यांच्यातल्या एकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तेलुगूत काहीबाही विचारायला लागल्या. मला त्यातलं 'मल्ले' एवढंच कळलं. मल्ले म्हणजे मोगरा. त्या बाईनं हात गुडघ्याशी नेऊन दाखवला, मग पानं ओरबाडल्यासारखी खूण केली. वन्सं मान डोलवत होत्या. मी मुद्दाम लांबच थांबले. परत आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी सांगते. सबंध दिवस हाताशी ठेवा, सकाळी नवाच्या सुमाराला पोचलात तरच सगळं होतं. पायांत सपाट चपला किंवा बूट घाला. नव्या चपला घालून मी जी फजिती करून घेतली, ती तुम्ही करू नका. डोक्याला टोपी किंवा रुमाल हवाच, खडकाळ माळरान आहे, डिसेंबरातही दुपारचं ऊन लागतं. उन्हाळ्यात तर जाऊच नये. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बसमधून उतरायची घाई करू देऊ नका, पाठोपाठ दुसरी बस येत असते.

सोमवारी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. सकाळी जाग आली ती कच-कच अशा आवाजानं. बाहेर येऊन बघते तो वन्सं पाटावर बसून मोगरा छाटत होत्या. गुडघ्याइतकी उंची ठेवून वरच्या काड्या कापायच्या, राहिलेली पानं हातानं काढून टाकायची. आता पंधरा दिवस पाणी तोडायचं, मग माती उकरून शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं, हे सगळं त्या मलाच समजावून सांगत होत्या, जसं काही मी शनिवारी काही बोललेच नव्हते! मी पण "हो का?" म्हणत ऐकून घेतलं.

चार झुडपं छाटून झाली. पाचवं पायरीलगतचं. त्यापाशी त्या थांबल्या.

"हे राहू दे."

"राहू दे, वन्सं," मी म्हटलं.

हे गळक्या झारीच्या बुडाला डांबर लावत बसले होते. निघायच्या वेळेपर्यंत ते वाळलं नव्हतं, म्हणून झारी उन्हात पालथी ठेवून आम्ही निघालो.

फेब्रुवारीच्या शेवटी वन्संचा फोन आला. चार झुडपांना कळ्या धरल्या होत्या, पाचव्याला अजून नाही. झारी परत गळते म्हणाल्या, भावाला नीट काम कधी जमलंय का. जास्वंदीवर पुन्हा तो पांढरा किडा दिसतोय, तेलाचं प्रमाण काय होतं ते परत सांग. आणि येताना शेंगाचटणी जास्त आण, शेजारीण मागतेय.